वडाखालची सात पावलं

"व्हय म्हाराजा!"

दोनशे गळ्यांतून एकदम आवाज उठला आणि वडावरचे कावळे उडून समोरच्या माडांवर जाऊन बसले.

धारगळचा हायवे सोडून आत उतरलं की पाऊण मैलावर फणसवाडा ही वस्ती लागते. वाड्याच्या शिमेवर, म्हणजे हद्दीवर, हा वड आणि वडाखाली राखणदाराचा दगड. त्या दगडासमोर सोमवारी सकाळी साडेदहाला यशवंत उताणा पडला होता. तासाभरापूर्वी तो चाळीस फुटी माडावरून खाली आला होता. पायातला दोरीचा फास अजून तसाच होता. यशवंत वाड्यातला पाडेली. लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडणं हा त्याचा वीस वर्षांचा धंदा. त्या सकाळी त्याने हात घातलेल्या चुडताचा, म्हणजे झावळीचा, देठ मुळाशी कुजका निघाला. देठ त्याच्यासोबतच खाली आला आणि अजून माडाखाली पडून होता. त्या देठाकडे वळून बघण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण यशवंतला माडावरच्या भुताने, देवचाराने, ढकललं हे तो जमिनीवर आदळायच्या आधीच ठरून गेलं होतं.

साल १९९४. गोवा घटक राज्य होऊन सात वर्षं झाली होती. पंचायतीत टेलिफोन होता आणि त्यावरून अँब्युलन्स मागवता येते हे पंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहिलेलंही होतं. पण वाड्याचा जुना दंडक असा, की झाडावरून पडलेल्या माणसाने वाड्याच्या मातीवर पुन्हा आपल्या पायांनी उभं राहिल्याशिवाय शीम ओलांडायची नाही. ओलांडली तर पाय देवचाराकडे राहतात. म्हणून चौघांनी यशवंतला दोन हात आणि दोन पाय धरून उचलून, मधे झोळीसारखा लोंबकळता, वडापर्यंत आणला. त्याची बायको जानकी त्याचं डोकं सावरत सोबत धावली. प्रत्येक धक्क्याला तो "आयगे" म्हणायचा आणि उचलणारे त्याला धीर द्यायचे.

दगडाशेजारी नाथबाबा उभा होता. मूळ नाव कृष्णनाथ. चार वर्षांपूर्वी तो वाड्यात आला तेव्हा त्याच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. आता भगवी लुंगी होती, दाढी होती आणि झाडावरून पडलेल्या माणसांना उठवून चालवण्याची कीर्ती होती. प्रत्येक झाडाचा देवचार त्याने वेगळा ठरवला होता. माडाचा तापट, आंब्याचा आळशी, फणसाचा बहिरा, त्यामुळे फणसावरून पडलेल्यासाठी गाऱ्हाणं मोठ्याने घालावं लागे.

"बा देवा राखणदारा, बारा वाटांच्या म्हाराजा! ह्या लेकरान तुझ्या माडार पाय ठेवल्यान, तुका इचारल्यान नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझो राग रास्त! पण तुझो सोरो, तुझो रोट, तुझी विडी हंय ठेवलंय. लेकराचे पाय लेकराक परत दी!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी जानकीही ओरडली.

बाबाने नारळाच्या करटीतलं तीर्थ यशवंतच्या तोंडात ओतलं. तीर्थाला फेणीचा वास होता. पाव तास गाऱ्हाणं चाललं आणि यशवंतचं कण्हणं हळूहळू थांबलं. मग बाबाने लिंबाच्या झाडाचा लांब काटा घेतला आणि त्याच्या तळव्यावर टाचेपासून बोटांपर्यंत ओढला. बोटं आत वळली.

"बघा! देवचार तळव्यातसून भायर पडता! उठ रे यशवंता, चल सात पावलां!"

दोघांनी त्याला बसवला, मग उभा केला. बसवताना यशवंतच्या तोंडून जो आवाज निघाला तो जानकीने यापूर्वी फक्त एकदा, गाय अडली होती तेव्हा ऐकला होता. त्याने एक पाऊल टाकलं. लोक मोजू लागले. दुसरं. तिसऱ्याला त्याचा उजवा गुडघा दुमडला. पण काखेत दोन दांडगे खांदे होते, आणि त्या खांद्यांनी उरलेली चार पावलं त्याच्याकडून टाकून घेतली.

"सात!" लोक गरजले. बायकांनी दगडासमोर डोकी टेकली.

जानकीने तीनच मोजली होती. पण दोनशे लोक सात म्हणत असताना आपणच चुकलो असू, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच यशवंतने तिला हाक मारली. "पायांवरचो भार काढ गो. कित्याक घातलंस इतक्या?"

पायांवर काही नव्हतं. साधी चादरही नव्हती. कमरेखाली त्याला हलवता येत नव्हतं आणि आदल्या दुपारपासून लघवीही झाली नव्हती.

नाथबाबाला बोलावणं गेलं. तो दारातच थांबला. काटा त्याने आणलाच नाही.

"घरात तीन दिस मासळी येवक फावना नाय म्हणान सांगललंय. कोण खाल्लां?"

"कोणच नाय, बाबानू."

"मगे वास खंयचो येता?"

शेजारची शांता स्वयंपाकघरात शिरली आणि मातीचं कुंडलं घेऊन बाहेर आली. त्यात बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण, होतं. सोमवारी पहाटे, यशवंत माडावर चढायच्या आधी जानकीने केलेलं. त्यानंतर चुलीकडे बघायला तिला सवडच झाली नव्हती. शांताने सगळ्यांदेखत कुंडलं आडवं करून दाखवलं. "हे बघा. घोव थंय देवाच्या पायाकडे, आणि हिचा हुमण हंय चुलीर!"

बाबाने डोळे मिटले. "मी पाय दिले. घरान ते ठेवूक नाय."

निकाल लागला. पुढे आठ महिने जानकीला विहिरीवर आधी पाणी भरू दिलं गेलं नाही. "यशवंताचे पाय हुमणात गेले," हे वाक्य एका बाईने विहिरीवर टाकलं आणि ते इतकं छान जमलं, की पोरंटोरंही म्हणू लागली. सर्वांत वाईट म्हणजे खुद्द यशवंतने ते खरं मानलं. तो तिच्याशी मोजकं बोलायचा. जेवण पुढे आलं की आधी वास घ्यायचा.

पण या सगळ्याच्या सुरुवातीलाच बांबोळीचं हॉस्पिटल झालं होतं, आणि तिथे एक गोष्ट घडली होती.

पडल्याच्या चौथ्या दिवशी यशवंतचा धाकटा भाऊ महेश कोणाचंही न ऐकता आपली पिकअप घेऊन आला. हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात वर्षा नावाची तरुण डॉक्टर होती, मूळची फोंड्याची. तिने यशवंतला तपासलं, मग खिशातून स्कूटरची चावी काढली आणि तिचं टोक त्याच्या तळव्यावर टाचेपासून बोटांपर्यंत ओढलं. बोटं जागची हलली नाहीत.

जानकी पुढे झुकली. तीच रेघ, तीच वाट.

"तेवा हालललीं," ती म्हणाली.

डॉक्टरची चावी थांबली. "केन्ना?"

जानकीने सगळं सांगितलं. गाऱ्हाणं, करटी, काटा, वळलेली बोटं, पावलं.  डॉक्टरने एक्स-रे खिडकीला धरला. पाठीच्या मणक्यांच्या माळेत एक मणका चेपून मागे सरकलेला होता.

"हांव देवचाराक पळोवंक ना, वयनी. तुमची कांकणां दियात."

देवचार काही आपण पाहिलेला नाही, एवढंच डॉक्टरने सांगितलं. जानकीने हातातली पाच काचेची कांकणं उतरवून दिली. डॉक्टरने सलाईनची नळी त्यांतून ओवली. कांकणं म्हणजे मणके, नळी म्हणजे आतली शीर. पायांना हुकूम तिच्यातून जातो. झाडावरून पडल्यावर कांकण फुटतं. तिने मधलं कांकण टेबलाच्या कडेवर टिचवलं. पण फुटलेलं कांकण जागच्या जागी असेल तर नळी शाबूत राहते. पाय हलतात, बोटं वळतात. अशा माणसाला सरळ फळीवर निजवून आणला तर कांकण पुन्हा जुळू शकतं. आणि बसवला, उभा केला तर? डॉक्टरने माळ मधोमध वाकवली. काचेची धार नळीत घुसली.

"मासळेमुळां न्हय?" जानकीने विचारलं.

"खंयची मासळी?"

 जानकीने ती तुटकी नळी मागून घेतली.

घरी आल्यावर तिने ती यशवंतला दाखवली. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. वाड्यात सांगू लागली तर लोक म्हणत, चोर कधी म्हणेल का मी चोरी केली? मग जानकीने सांगणं सोडलं आणि विचारणं सुरू केलं. चार वर्षांत नाथबाबाकडे आणलेल्या माणसांची घरं ती एकेक करून पालथी घालू लागली. प्रश्न दोनच. काटा ओढल्यावर बोटं हलली होती का? आणि माणूस आज कसा आहे?

ज्यांची बोटं हलली नव्हती, त्यांना बाबाने हातही लावला नव्हता. "ह्येचा देणा गेल्या जल्माचा, माझ्या हातात नाय, डॉक्टराकडे न्या," असं सांगून परत पाठवलं होतं. ते जन्माचे खाटेला खिळले आणि दोष डॉक्टरांना गेला. ज्यांची हलली होती ते सगळे सात पावलं चालले. त्यांच्यातल्या बहुतेकांना नुसता मुका मार होता; ते एरवीही चालले असते. आणि एक होता धोंडिबा. बेळगावकडचा गवंडीकामाचा मजूर, हायवेलगतच्या पत्र्याच्या खोपटात पडून असलेला. फणसाची फांदी तोडताना पडला. वडाखाली चालला आणि संध्याकाळी पाय गेले.

"आमाला म्हनला, तुमी घाटावरची मानसं, तुमच्या पायाची माती हितल्या द्येवाला सोसली न्हाई," धोंडिबाची बायको सिंधू म्हणाली. "मी रोज त्यांचं पाय धुती, बाई. अजून धुती."

जानकी त्या खोपटाबाहेर येऊन रस्त्याच्या कडेला बसली आणि यशवंत पडल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. हुमण नव्हतं तिथे माती होती. मातीही नसती तर आणखी काही सापडलं असतं.

मे महिन्यात भिकाजी आंब्यावरून पडला. भिकाजी म्हणजे शांताचा नवरा, साठीचा थट्टेखोर माणूस. घळ, म्हणजे जाळीची झोळी, बांधलेल्या काठीने आंबे काढताना फांदी मोडली. पुन्हा चौघांनी हात-पाय धरले, पुन्हा वड, पुन्हा गर्दी. जानकी पोचली तेव्हा आळशी देवचाराला जागं करणं चाललं होतं, करटी रिकामी झाली होती आणि काटा तळव्यावर टेकला होता.

भिकाजीची बोटं आत वळली.

"बघा! देवचार भायर पडता! उठ रे भिकाजी..."

"उठव नको!" जानकी गर्दीतून आत घुसली आणि भिकाजीच्या छातीवर हात ठेवून बसली. "हात लावशात तर खबरदार!"

"तू?" शांता किंचाळली. "आपल्या घोवाचे पाय खाल्लंस, आता माझ्या घोवाचे खातंस?"

"बायलेन देवाच्या कामात तोंड घालू नये," बाबा शांतपणे म्हणाला. "ह्या बायलेचा घर सगळ्यांक ठावक आसा."

"गे बायांनू," खालून भिकाजी पुटपुटला, "माका उठवा, नाय तर निजवा. माझ्या अंगावर बसान भांडू नका."

दोघे-चौघे हसले. तेवढ्यात जानकीने आपला पाय पुढे पसरला.

"काटो ओढ. माझ्या पायार."

बाबा हलला नाही. भिकाजीची मुलगी रेश्मा, म्हापशाच्या कॉलेजात जाणारी, बापाच्या डोक्याशी बसली होती. तिने बाबाच्या हातातला काटा काढून घेतला आणि जानकीच्या तळव्यावर ओढला. बोटं तशीच आत वळली.

"मी खंयच्या झाडावरसून पडलंय?" जानकीने गर्दीला विचारलं.

"तुझ्या अंगात देवचार आसा, म्हणानच!" बाबाला उत्तर सुचलं. त्याला नेहमी सुचायचं.

"मगे तुमचो पाय दाखवा, बाबानू," मागून महेश म्हणाला.

बाबाने दोन्ही पाय लुंगीखाली ओढून घेतले. ते सगळ्यांनी पाहिलं. कोणीतरी लिंबाच्या झाडाकडे गेला, आणि दहा मिनिटांत वडाखाली विसेक माणसं एकमेकांच्या तळव्यांवर काटे ओढत होती. पाडेल्याची बोटं वळली, पंचाची वळली, दुकानदाराची वळली. "अरे, तुझो तर आळशी देवचार, उशिरान हालता!" खसखस पिकली. काय बघितलं ते प्रत्येकाला कळत होतं. धडधाकट माणसाची बोटं वळतातच. काटा काहीच बाहेर काढत नव्हता. आतली शीर शाबूत आहे का एवढंच दाखवत होता. शाबूत असेल त्याला बाबा उभा करायचा आणि नसेल त्याला डॉक्टरकडे धाडायचा.

"म्हापशाच्या एका दवाखान्यात पट्टे बांधी होतो हो बाबा," म्हापशात विचारून आलेला महेश बाबाकडे बोट दाखवत म्हणाला. "सा वर्सां, हाडांच्या डॉक्टराकडे. थंय शिकलो ह्या."

रेश्माने दगडामागची पत्र्याची पेटी उघडली. आत फेणीची बाटली, खलबत्ता आणि दुखण्यावरच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. करटीच्या तळाला पांढरा गाळ बसला होता. तिने बोटाने चाटून तोंड वाकडं केलं. "कडू. ही दुखणं मारणारी गोळी. मोडलेलं हाड कळू नये म्हणून."

गर्दी आता मजेत होती. बाबाला कोणीतरी "व्हय म्हाराजा" म्हणून चिडवलं. तेव्हा जानकी उठून उभी राहिली.

"हसा. पण ह्या वाड्यात एकच पाय आसा जो हालना नाय. चला माझ्या घरी, ओढा काटो. तो त्या सोमवारी हालललो. ह्या वडाखाली हालललो. तुमी सगळ्यांनी बघलास आणि तुमीच मोजलास. तीन पावलां चललो तो. सात तुमी म्हटलास."

हसू थांबलं. यशवंतला काखेत धरणारे दोघेही तिथेच उभे होते. त्यांनी हातातले काटे खाली टाकले.

पुढचं काम तिने, वॉर्डात पाहिलं होतं तसं, बोटाने दाखवून करून घेतलं. दुकानदाराने दुकानाच्या दर्शनी फळ्यांतली सर्वांत रुंद फळी काढून आणली. पाच जण एका बाजूला बसले आणि जानकीच्या "एक, दोन, तीन"वर भिकाजीला ओंडक्यासारखा, मान-पाठ-पाय एका रेषेत ठेवून, कुशीवर केला. फळी पाठीला लावली, पुन्हा एकसाथ उताणा. डोक्याच्या दोन बाजूंना तांदळाची दोन पुडकी, कपाळ, छाती आणि मांड्या लुगड्यांनी फळीला बांधलेल्या.

"पण शीम?" शांता रडत म्हणाली. "पाय टेकल्याशिवाय शीम ओलांडली तर..."

"यशवंतान टेकले ना गो पाय," जानकी म्हणाली. "टेकान ओलांडल्यान. खंय आसत ते?"

शांताने स्वतः फळीचं एक टोक उचललं. पिकअप बैलगाडीच्या वेगाने बांबोळीला गेली.

भिकाजीचा मणका मोडलेला होता. एक्स-रे यशवंतच्या एक्स-रेसारखाच, फक्त मणका मागे सरकलेला नव्हता. तो दोन महिने निजून राहिला, पुढे पट्टा लावून चालू लागला. नाथबाबावर पोलिसांत तक्रार झाली. पोलिसांनी विचारलं, त्याने कोणाला मारलं का? नाही. जबरदस्ती केली का? नाही. उलट तिथे दोनशे माणसं राजीखुशीने जमली होती. पावसाआधी तो पेटी घेऊन निघून गेला. डिचोलीच्या बाजूला कुठेतरी आता तो सर्पदंशाचं बघतो असं म्हणतात.

ऑगस्टमध्ये, जरा उघडीप असताना, भिकाजी आणि शांता जानकीकडे आले. शांताच्या हातात झाकलेलं कुंडलं होतं. बांगड्याचं हुमण.  जानकीने ते घेतलं आणि ती आत गेली.

यशवंत ओसरीवर बाजेला टेकून पडला होता. भिकाजी फाटकातून ओसरीपर्यंत काठी टेकत येत असताना तो एकटक त्याच्या पायांकडे बघत होता. ओठ हलत होते.

"किती?" भिकाजीने थट्टेने विचारलं.

"बावीस," यशवंत म्हणाला. मग थोड्या वेळाने, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "जानके, माका जेवक वाढ. हुमण घाल."

ती वाढायला लागली. ताट त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने वास घेतला नाही. पाय मात्र ती सरळ करून देईपर्यंत वाकडेच पडून होते, आणि ते तसेच राहणार आहेत.

देवचार आहे की नाही, यावर ज्याला वाद घालायचा त्याने खुशाल घालावा. पण माणूस झाडाखाली पडलेला असताना नको. त्याला बसवू नका, उभा करू नका, हात-पाय धरून उचलू नका, तोंडात काही ओतू नका. त्याची पाठ आणि मान सरळ ठेवून त्याला फळीवर घ्या आणि हॉस्पिटलात न्या. फळी नसली तर घराचं दार काढा. आणि कोणी पावलं मोजू लागला, तर निदान स्वतःच्या डोळ्यांनी मोजा.